पहिला अर्धा शब्द माझा

शिक्षकाने वर्गात अर्धा शब्द टाकू नये, हे बी.एड.च्या मुलामुलींना सांगून सांगून माझा घसा बसला. अर्धा शब्द टाकणं म्हणजे काय, हे मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. गुरुजी विचारतात, "गोदावरीचा उगम कुठे होतो? त्र्यंबके..." आणि अख्खा वर्ग गर्जतो, "श्वर!" गुरुजी खूश, वर्ग खूश. ज्याला गोदावरी म्हणजे नदी की मावशी याचा पत्ता नाही तोही खूश, कारण शेवटचं "श्वर" त्यालाही म्हणता येतं. सरावपाठ बघायला मी वर्गात मागे बसते तेव्हा हा प्रकार सुरू झाला की माझा पारा चढतो. मी निरीक्षणाच्या कागदावर लाल पेनाने लिहिते, 'उत्तर शिक्षकाचेच आहे.' वर्षानुवर्षं हेच लिहीत आले. आमच्या कॉलेजात माझ्यामागे मला काय नाव ठेवलंय तेही मला माहीत आहे, ते इथे सांगत नाही.

मी संगमनेरला शैक्षणिक मानसशास्त्र आणि मूल्यमापन शिकवते. घंटा वाजली की लाळ गाळणारा कुत्रा, कळ दाबून दाणे मिळवणारी कबुतरं, पाणी बुटक्या पेल्यातून उंच पेल्यात ओतलं की ते वाढलं असं समजणारी लहान मुलं, असा सगळा माझा संसार. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शेवटची काही वर्षं ते पुणतांब्याजवळच्या एका शाळेवर होते, मोटारसायकलवर रोज जाऊन-येऊन. आमच्या घरात शिकवण्यावरून जितकी भांडणं झाली तितकी पैशावरून किंवा सासरमाहेरावरून कधी झाली नाहीत.

कारण हे गृहस्थ अर्धे शब्द टाकण्यात पटाईत होते. मी एकदा त्यांच्या शाळेत गेले होते, तेव्हा बाहेरूनच ऐकलं. सबंध तासभर वर्ग नुसता शेपट्या म्हणत होता. घरी आल्यावर मी बोलल्याशिवाय राहणार थोडीच.

"अगं, तुझ्या पुस्तकातली मुलं सकाळी दूधबिस्किटं खाऊन आलेली असतात," ते म्हणाले. "माझी पोरं गुरांना घास कापून येतात. निम्मा शब्द मी दिला तर निम्मा ती देतात. मी पूर्ण मागितला तर तीही गप्प आणि मीही गप्प."

"मग निम्मे गुण तुम्हाला द्यायचे का?"

"देऊन टाक. आयुष्यात तेवढेच मिळतील."

मी हात टेकले आणि भाजी निवडायला घेतली.

त्यांनी मला नावाने कधीही हाक मारली नाही. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात "अगं" म्हणाले आणि तेच माझं नाव झालं. संध्याकाळी फाटकात मोटारसायकल स्टँडवर लावल्याचा आवाज यायचा आणि पाठोपाठ "अगं." चहा हवा असला की अगं, चष्मा सापडला नाही की अगं, पेपरात काही मजेशीर दिसलं की अगं. मी रडले, भांडून किंवा माहेरच्या कुणाच्या आठवणीने, की ते दोनदा म्हणायचे, "अगं, अगं." बाकी समजूत वगैरे घालणं त्यांना जमायचं नाही. मला त्या हाकेचा कितीदा तरी वैताग यायचा. पोळी तव्यावर असताना कुणी तीनतीनदा अगं म्हटलं तर कुणालाही येईल.

ते निवृत्त झाले आणि त्यांनी अंगणात वाफे केले. वर्षही पुरं झालं नव्हतं. एका सकाळी ओसरीवर आरसा टांगून दाढी करत होते. काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर गेले तर ब्रश फरशीवर, आणि हे माझ्याकडे वळून बघताहेत. निम्म्या गालावर फेस होता. तोंड उघडलं होतं, पण एका बाजूला ओढल्यासारखं झालं होतं, आणि आतून नुसती हवा येत होती. मला वाटलं चेष्टा करताहेत, त्यांचा स्वभाव तसा होता. मी हसलेसुद्धा.

संगमनेरच्या दवाखान्यातून आम्हाला नाशिकला पाठवलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोहोचलं नव्हतं. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि वाचा गेली. पाय हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. बोलण्याविषयी विचारलं तर म्हणाले, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं, घरात बोलत राहा त्यांच्याशी. पुण्याहून आलेल्या आमच्या मुलीने माझा हात घट्ट धरला होता. मला मात्र त्या वाक्यात घाबरण्यासारखं काही दिसलं नाही. बोलत राहायचं, शिकवत राहायचं, तर ते माझ्याशिवाय आणखी कुणाला जमणार होतं? माझा तर तो धंदाच.

मला एकच हवं होतं. त्यांनी सगळं बोलावं असं माझं मागणं नव्हतं. त्यांनी मला हाक मारावी, एवढंच.

मी बिनपगारी रजा घेतली आणि घरात वर्ग भरवला. आधी पायाभूत चाचणी. शिकवण्याआधी मुलाला काय येतं ते बघावं, हे मी शेकडो जणांना शिकवलेलं. जेवणाच्या टेबलावर चमचा, कंगवा, किल्ली, साखरेचा डबा मांडला आणि एकेक वस्तू उचलून विचारलं, "हे काय?" ते वस्तूकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, ओठ जुळवायचे, आणि डोळ्यांत पाणी यायचं. एकही शब्द नाही. मी म्हटलं ठीक आहे, पाटी कोरी आहे, इथून सुरुवात.

मग अध्यापन. मूल एकट्याने जे करू शकत नाही पण कुणी थोडा हात दिला तर करू शकतं, तिथेच शिकवायचं असतं. भिंत उभी राहीपर्यंत गवंडी परांची बांधतो आणि मग काढून घेतो, तसा आधार द्यायचा आणि काढायचा. हे मी फळ्यावर चित्र काढून शिकवते. माझं चित्र चांगलं येतं. आता परांची बांधायची म्हणजे मी साखरेचा डबा उचलला आणि म्हटलं, "साख..."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांच्या घशातून आलं, "र."

तो "र" ऐकून मी डबा टेबलावर आपटला आणि त्यांचे गाल दोन्ही हातांत धरले. त्यानंतर थांबतंय कोण? "चम..." "चा." "कंग..." "वा." "पुण..." "तांबा." बे एके बे सुरू करून दिलं की बे दाहे वीसपर्यंत गाडी सुरळीत जायची, जशी काही त्यांना झालेलंच काही नाही. गणपतीची आरती पहिली ओळ मी लावून दिली की पुढे ते माझ्याबरोबर. मोबाईलवर मुलीला ऐकवलं. ती तिकडे पुण्याला ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडली. मी देवापुढे हात जोडले. वाटलं, सगळी वर्षं जे शिकवलं ते आपल्याच घरी कामाला आलं.

रोज संध्याकाळी मी त्यांना श्रेणी सांगायची. "आज ब-दोन. किल्ली चुकली." "आज अ-दोन, शाबास." ते अर्ध्या तोंडाने हसायचे. शाबासकीने वागणूक पक्की होते, हेही पुस्तकातलंच. कधी कधी ते दमलेले असायचे, कपाळावर घाम असायचा, पण मी पुढचा शब्द टाकला की माझ्या तोंडाकडे बघून उरलेला ओढून आणायचे. दमलेलं मूल आणि कंटाळलेलं मूल यातला फरक ओळखा, हे माझंच वाक्य आहे. पण इथे त्या वाक्याची मला आठवण झाली नाही.

एक दिवस पुणतांब्याकडचा एक शेतकरी भेटायला आला, त्याची दोन्ही मुलं ह्यांच्या हाताखालून गेलेली. पिशवीभर पेरू घेऊन ओसरीवर बसला. गुरुजींकडे बघून त्याचा चेहरा उतरला.

"बाई, गुरुजी बोलत न्हाईत व्हय?"

"बोलतात की," मी म्हटलं आणि ह्यांच्याकडे वळले. "तुम्ही कुठल्या शाळेवर होता? पुण..."

"तांबा."

"हे काय आणलंय यांनी? पे..."

"रू."

शेतकरी मांडीवर थाप मारून उठला. "आता मी गावात सांगतो. लई काळजी हुती सगळ्यास्नी. म्हनलं गुरुजींचं कसं व्हायचं. ह्ये तर झ्याक बोलत्यात." तो गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, बघा, गावात बातमी जाणार आता. ते खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, पाहुणा गेल्यामुळे जरा चुकल्यासारखं झालं असेल.

"अगं" माझ्या अभ्यासक्रमात नव्हतं. त्याची वस्तू टेबलावर मांडता येत नाही, चित्र दाखवता येत नाही. ते त्यांचं त्यांना सुचायला हवं होतं. मी वाट पाहिली. मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसायची, चष्मा त्यांना पोहोचणार नाही असा ठेवायची, चहा उशिरा करायची. काही नाही. ते बसून राहायचे, चष्म्याशिवाय, चहाशिवाय. शेवटी एका दुपारी मला राहवलं नाही. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली, माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "अ..."

त्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "गं."

मी किती रडले ते सांगून उपयोग नाही. शेजारच्या बाईंना ऐकवलं. मुलीला फोनवर ऐकवलं. कॉलेजातल्या मैत्रिणीला ऐकवलं. दिवसातून कितीतरी वेळा, भाजी चिरता चिरता, कपडे वाळत घालता घालता, मी ओसरीकडे तोंड करून "अ..." म्हणायची आणि तिकडून "गं" यायचं. माझं घर मला परत मिळालं, असं मला वाटायचं.

मुलीने मात्र लकडा लावला की एकदा वाचा-उपचारवाल्यांना दाखवू. नगरला सावेडीत एक मुलगी हे उपचार करते, चांगली आहे म्हणतात, नंबर लावलाय. मी म्हटलं चला. खरं सांगायचं तर मी तपासणीला चाललेच नव्हते, मी निकाल ऐकायला चालले होते. ह्यांचा पांढरा शर्ट इस्त्री केला. गाडी केली. कोल्हार, राहुरी, नगर, वाटेत उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकत अडकत मी ह्यांच्याकडून उजळणी करून घेतली. साख-र. चम-चा. गाडीवाला आरशातून बघत होता.

ती मुलगी आमच्या मुलीपेक्षाही लहान दिसत होती. मी तिला आमच्या प्रगतीबद्दल सांगितलं, जरा तांत्रिक शब्द वापरूनच, म्हणजे आपण कोणाशी बोलतोय हे तिला कळावं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, आता तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल का? मी काकांना एकट्यांना बघते."

बाहेर बाकावर बसले. दार लोटलेलं होतं, आतलं ऐकू येत होतं. तिने कसला तरी डबा टेबलावर ठेवला. "काका, हे काय आहे?"

मग शांतता.

प्रश्न विचारल्यावर शिक्षकाने थांबावं, मुलाला विचार करू द्यावा, स्वतःच उत्तर देऊन टाकू नये, यावर मी एक स्वतंत्र पाठ घेते. विद्यार्थी-शिक्षकांना ती शांतता सहन होत नाही. घाबरतात, घाम फुटतो त्यांना, आणि ते अर्धा शब्द देऊन मोकळे होतात. मी त्यांना हसते. त्या दिवशी सावेडीच्या त्या बाकावर मी पुटपुटत होते. आतून ती विचारायची, इथे माझे ओठ हलायचे, "साख... चम... किल..." शेजारी एक बाई नातवाला घेऊन बसली होती, ती माझ्याकडे बघायला लागली तेव्हा मी पदर तोंडावर धरला. आतून एकही शब्द आला नाही. ती मुलगी थांबत होती, अगदी मी शिकवते तशी, आणि तिने एकदाही अर्धा शब्द टाकला नाही.

त्यानंतर ती त्यांना काही कामं सांगू लागली. पेन उचलून वहीवर ठेवा. चष्मा माझ्या हातात द्या आणि मग डोळे मिटा. वस्तूंची हलकी खुडबुड ऐकू येत होती आणि दर वेळी ती म्हणायची, "बरोबर."

मला आत बोलावलं. तिने समजावलं ते फार शांतपणे. काकांना सगळं कळतं. बोललेलं कळतं, लांब वाक्यंसुद्धा कळतात, चित्रं ओळखतात, विनोदाला हसले. पण आपला आपण शब्द सुरू करणं त्यांना जमत नाही. पाढे, आरती हे वेगळ्या वाटेने येतं, ते येत राहील, त्याला बोलणं म्हणता येणार नाही.

"घरी तुम्ही शब्दाची सुरुवात करून देता का?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.

"काका दर वेळी माझ्या तोंडाकडे बघत होते. मी कधी सुरू करते याची वाट बघत होते. मॅडम, तसा आधार आम्हीही देतो. पण तो कमी करत नेला तरी शब्द उभा राहतो का, हे अधूनमधून बघावं लागतं. तुम्ही मधे कधी न देता बघितलं होतं का?"

चाचणी जे मोजते असं म्हणते तेच मोजते का, याला आमच्या विषयात वैधता म्हणतात. त्यावर मी दर वर्षी प्रश्न काढते. वजनकाट्यावर उभं राहून उंची वाचू नका, असं उदाहरणही देते आणि मुलं हसतात. मी घरी वर्षभर ज्याला ब-दोन, अ-दोन देत होते ते सगळं माझंच बोलणं होतं. फक्त त्याची शेवटची अक्षरं दुसऱ्याच्या तोंडातून येत होती. आणि ती हाक, जिच्यासाठी मी जीव टाकत होते, ती मी स्वतःच स्वतःला मारत होते. हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं, आणि ह्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनाही कळलं की मला कळलं. त्यांनी मान खाली घातली.

त्या मुलीवर मला इतका राग आला होता की मी तिचे आभारही धड मानले नाहीत. तिने दोन जाड कार्डं दिली, एकावर 'हो' आणि एकावर 'नाही', आणि काही चित्रं. आता काकांना विचारत जा, त्यांना सांगू द्या, असं म्हणाली. बोलण्याचा सराव ती हळूहळू करून घेणार होती, पण फार अपेक्षा ठेवू नका, हेही तिने सांगितलं. तिने खोटं काही सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. राहुरीला गाडीवाल्याने चहाला थांबवलं तेव्हा मी त्यांचा कप धरला, ते प्यायले, मी तोंड पुसलं. गाडीवाल्याने विचारलं, "काय म्हनले डॉक्टर?" मी म्हटलं, "बरं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. टेबल पुसलं. ज्या जागी साखरेचा डबा ठेवायची त्या जागी ती दोन कार्डं ठेवली आणि समोर बसले.

"माझं सगळं बोलणं तुम्हाला कळतं?"

डावा हात हळूच 'हो'वर गेला.

"पहिल्यापासून?"

हो.

"पुन्हा बोलता येईल असं वाटतं तुम्हाला?"

ते जरा वेळ अंगणातल्या वाफ्यांकडे बघत राहिले. वाफ्यांत आता नुसतं गवत होतं. मग हात 'नाही'वर ठेवला. मी शिक्षकांना सांगते, मुलाला स्वतःचं मूल्यमापन स्वतः करू द्या, मुलं आपल्यापेक्षा खरं सांगतात.

"हे तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं, आणि मग ध्यानात आलं की याचं उत्तर या कार्डांवर नाही. "दिवाळीच्या आधी?"

हो.

"नाशिकहून घरी आलो तेव्हा?"

हो. या वेळी हात उचललाच नाही, होता तिथेच बोटं दाबली.

म्हणजे साखरेच्या पहिल्या डब्याच्या वेळी त्यांना माहीत होतं. त्या शेतकऱ्यासमोर "तांबा" म्हणताना माहीत होतं. मी शेजारणीला बोलावून माझ्या बाजूला उभं केलं आणि "अ..." म्हटलं, तेव्हाही माहीत होतं. निम्मा शब्द मी टाकत होते आणि निम्मा ते देत होते, घाम पुसत, कारण त्यांनी दिला नसता तर मी कोसळले असते. मी समजत होते की मी त्यांना शिकवतेय.

"मग रोज का बसत होतात? माझ्यासाठी?"

हात दोन्ही कार्डांच्या मध्ये थांबला. मग तो टेबलावरून पुढे आला आणि माझ्या हातावर येऊन पडला. कार्डं तशीच राहिली.

मला संताप आला. मी म्हटलं, तुम्ही मान हलवायची होती. पाणी सांडायचं होतं, डबा भिरकावायचा होता, काहीही करायचं होतं. मी वेड्यासारखी सगळ्यांना ऐकवत फिरले. मला हाक मारली म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. तुम्ही मला हे का करू दिलंत? मी मोठ्याने बोलत होते, शेजारी ऐकू गेलं असणार. बोलता बोलता माझा आवाज फुटला आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागले. आजारपणात मी त्यांच्यासमोर दुःखाने कधी रडले नव्हते. बाथरूममध्ये नळ सोडून रडायची.

डोकं वर केलं तेव्हा त्यांचं तोंड उघडलेलं होतं. दर वेळी ते माझ्या ओठांकडे बघायचे. आता माझ्या डोळ्यांत बघत होते. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, जीभ आत कुठेतरी वळत होती, हनुवटी थरथरत होती, आणि काही येत नव्हतं. मी रडले की ते काय म्हणायचे ते मला माहीत होतं. माझ्या जिभेच्या टोकाशी "अ" येऊन थांबला होता. मी तो नुसता सोडायचा अवकाश, त्यांनी उरलेलं दिलं असतं, आणि आम्ही दोघं सुटलो असतो. मी दात घट्ट मिटले आणि थांबले.

कुठलाही आवाज आला नाही. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी ओघळलं, तरी ते थांबेनात.

मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"राहू द्या," मी म्हटलं. "नका म्हणू. मला ऐकू आलं."

माझ्या तळहाताखाली त्यांचे ओठ हलतच होते.